कात्रीचे स्मारक

मराठीत चित्रकलेविषयी लिहिले जाते, पण ते बहुधा चित्रकाराच्या आयुष्याविषयी असते. एकच चित्र समोर घेऊन ते काय सांगते, आपल्याला ते पटते का, असे विचारणारे लेखन फार थोडे. त्यातही मुद्राचित्र, म्हणजे छापून काढलेले चित्र, याच्या वाट्याला साधा उल्लेखही क्वचित येतो. तैलचित्र एकच असते म्हणून ते मोलाचे, आणि छापचित्राच्या अनेक प्रती निघतात म्हणून ते हलके, असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. या लेखात आम्ही अशाच एका छापचित्राचा विचार करणार आहोत. अमेरिकन शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्ग यांचे 'सिझर्स अ‍ॅज मॉन्युमेंट', मराठीत म्हणायचे तर 'स्मारक म्हणून कात्री', हे ते चित्र. साल १९६७. घरोघरी शिवणाच्या डब्यात पडलेली कात्री या चित्रात स्मारक होऊन उभी राहिली आहे.

वर्सोव्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्यांना अमेरिकेतल्या या कात्रीशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरचे पोट कात्रीवर चालते, हे एक उत्तर झाले. पण त्याहून महत्त्वाचे उत्तर असे की, साध्या वस्तूला भव्य रूप देण्याची हौस आता आपल्याकडेही आली आहे आणि तिची चिकित्सा मात्र कोणी करत नाही. ती करण्यासाठी ही कात्री फार उपयोगी पडते.

सुरुवात शाळेपासूनच करू. महाराष्ट्रातल्या शाळांत शिकलेल्या प्रत्येकाला शासकीय रेखाकला परीक्षा ठाऊक आहेत. आपण त्यांना 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' म्हणतो. त्यांत वस्तुचित्राचा एक पेपर असतो. समोर टेबलावर कळशी, वाटी, एखादे फळ मांडलेले असते. मूल एक डोळा मिटते, हात लांब करून पेन्सिल उभी धरते आणि कळशीच्या उंचीच्या मानाने वाटी केवढी, हे मोजते. परीक्षकाचा नेहमीचा शेरा असतो, 'प्रमाण चुकले'. हा 'प्रमाण' शब्द आमच्या मुलांना दुसऱ्या एका तासालाही ऐकू येतो. घरी दखनी, कोकणी किंवा कोळी बोलणारे मूल मराठीच्या तासाला तोंड उघडते तेव्हा त्याला प्रमाण भाषेची आठवण करून दिली जाते. म्हणजे कोणती वस्तू केवढी काढायची आणि कोणता शब्द कसा उच्चारायचा, या दोन्ही गोष्टी आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेल्या असतात. ओल्डेनबर्ग यांनी आयुष्यभर जे केले ते एका वाक्यात सांगायचे तर, त्यांनी प्रमाण मुद्दाम चुकवले.

ओल्डेनबर्ग यांचा जन्म १९२९ मध्ये स्टॉकहोमचा. वडील स्वीडनचे राजनैतिक अधिकारी. त्यामुळे बालपण अमेरिकेत, शिकागोत गेले. १९६१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत चक्क दुकान थाटले. त्यात प्लॅस्टरचे, रंग फासलेले पाव, कपडे, मिठाईचे तुकडे विकायला ठेवले. कलादालनात जाण्याऐवजी कला दुकानात आली. पुढे त्यांनी कापड आणि व्हिनाइल शिवून मऊ, लोंबणाऱ्या वस्तू केल्या. १९६५ पासून मात्र ते एका वेगळ्याच उद्योगाला लागले. शहरातली प्रसिद्ध जागा घ्यायची आणि तिथे एखाद्या क्षुल्लक वस्तूचे अवाढव्य स्मारक कसे दिसेल, ते कागदावर काढायचे. न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर त्यांनी काडीवरचे आइस्क्रीम उभे केले. एका कोपऱ्याचा चावा घेतलेला, आणि त्या चाव्याच्या जागेतून मोटारी जाणार. दुसऱ्या एका चौकासाठी काँक्रीटचा भला मोठा ठोकळा सुचवला. त्यावर युद्धात कामी आलेल्यांची नावे कोरलेली आणि तो चौकाच्या मधोमध, म्हणजे रहदारी ठप्प. विनोद आहे खरा, पण फार साधा नाही. युद्धात माणसे मारली गेली तर निदान शहराची वाट तरी अडली पाहिजे, असे तो ठोकळा सांगतो.

याच १९६५ साली मुंबईत काय चालले होते, हे आठवण्यासारखे आहे. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, ज्याला मुंबईकर काळा घोडा म्हणत, त्याच वर्षी आपल्या जागेवरून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. राजा गेला, तरी नाव राहिले. आजही त्या भागाला आपण काळा घोडाच म्हणतो. स्मारक उभारणाऱ्याला जे लक्षात ठेवायचे असते ते लोकांच्या लक्षात राहतेच असे नाही. लोकांनी राजाला विसरून घोडा लक्षात ठेवला. ओल्डेनबर्ग यांना हा किस्सा कोणी सांगितला असता तर ते खूष झाले असते, असे आम्हाला वाटते. कारण त्यांचीही भूमिका अशीच आहे. चौथऱ्यावरचा सेनापती कोण हे येणाऱ्याजाणाऱ्याला ठाऊक नसते, पण आइस्क्रीम, कात्री, कपड्याचा चिमटा सगळ्यांना ठाऊक असतो.

आता कात्रीकडे येऊ. वॉशिंग्टन शहरात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या स्मरणार्थ बांधलेला ओबेलिस्क आहे, म्हणजे वर निमुळता होत गेलेला चौकोनी दगडी स्तंभ. १८४८ मध्ये त्याची कोनशिला बसली आणि १८८४ मध्ये तो पुरा झाला. उंची ५५५ फूट. ओबेलिस्कचा आकार मूळचा इजिप्तचा, तिथल्या राजांचा; लोकशाही राष्ट्राने आपल्या पहिल्या अध्यक्षासाठी तो उसना घेतला. ओल्डेनबर्ग यांनी १९६७ मध्ये असा प्रस्ताव काढला की, हा स्तंभ काढून त्या जागी कात्री उभी करावी. मिटलेल्या कात्रीची पाती वर टोक करून धरली तर तिचा आकार ओबेलिस्कसारखाच दिसतो, ही त्यामागची पहिली गंमत. पण गंमत तेवढ्यावर थांबत नाही. दगडाच्या जागी धातू आला. राजवैभवाच्या जागी घरगुती अवजार आले. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे स्तंभ हलत नाही, कात्री हलते. चित्रकाराच्या कल्पनेत ही कात्री दिवसभरात हळूहळू उघडत जाते आणि रात्री पुन्हा मिटते. तिच्या लाल मुठी जमिनीखाली खोल चरांत आहेत. या दोन पात्यांत त्यांना आपल्या देशाचे दोन परस्परविरोधी भाग दिसत होते. एकमेकांवर चालून येणारे, तरी एकाच खिळ्याने जोडलेले. १९६७ हे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे निघण्याचे आणि नेवार्क, डेट्रॉइट या शहरांत दंगे पेटण्याचे वर्ष होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उपमा हवेतून आलेली नाही हे कळते.

या कल्पनेचे शिळाछाप चित्र १९६८ मध्ये निघालेल्या एका चित्रसंचात समाविष्ट झाले. संच होता वॉशिंग्टनच्याच 'नॅशनल कलेक्शन ऑफ फाइन आर्ट्स' या राष्ट्रीय संग्रहालयाच्या नावाचा. ज्या राजधानीतला स्तंभ हटवायचा, त्याच राजधानीतल्या संस्थेच्या नावाने निघालेल्या संचात हटवण्याचा प्रस्ताव छापला गेला. हे धाडस कागदाला परवडते. दगडाला परवडले नसते.

इथे शिळाछाप या तंत्राविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण या तंत्राशी आपले नाते जुने आहे. १७९६ मध्ये जर्मनीत अलॉइस झेनेफेल्डर याने ही पद्धत शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर चरबीयुक्त शाईने लिहायचे किंवा चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि मग छपाईची शाई फिरवायची. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत; त्यामुळे शाई फक्त लिहिलेल्या जागी चिकटते. कोरण्याची गरज नाही, खिळे जुळवण्याची गरज नाही. हाताची रेघ जशीच्या तशी कागदावर उतरते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग याच पद्धतीने छापले. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरी घरोघरी पोहोचल्या.

उर्दूचे तर सारे छापील जीवनच दीडशे वर्षे या दगडावर उभे होते. नस्तालिक लिपीत अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर उतरत जातात. ती शिशाच्या सुट्या खिळ्यांत नीट बसत नाहीत. म्हणून कातिब, म्हणजे सुलेखक, पान हाताने लिहीत असे आणि ते दगडावर उतरवले जाई. लखनौचे मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये काढलेल्या छापखान्यातून हजारो ग्रंथ असेच निघाले. दगडाच्या जागी पुढे ऑफसेटचा पत्रा आला, तरी कातिब होताच. १९८१ नंतर संगणकावर नस्तालिक अक्षर आले तेव्हा कुठे त्याचा हात थांबला. आमच्या शाळेतल्या मुलांच्या आजोबांनी 'अलिफ बे'चा कायदा वाचला तो अशाच कोणा कातिबाच्या हातचा होता. तेव्हा शिळाछाप हे परदेशी कलेचे खास तंत्र आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठी पंचांग, रविवर्म्यांची लक्ष्मी, उर्दूची पहिली इयत्ता आणि ओल्डेनबर्ग यांची कात्री ही सारी एकाच जातीच्या छपाईची भावंडे आहेत.

यातून मुद्दा असा निघतो की, ओल्डेनबर्ग यांच्या प्रस्तावाचे खरे घर कागद हेच आहे. स्मारक एका जागी एकच असते आणि ते पाहायला आपल्याला त्याच्यापाशी जावे लागते. छापचित्र अनेक प्रतींत निघते आणि आपल्यापाशी येते. स्मारक आपल्याला मान वर करायला लावते. छापचित्रातले ५५५ फुटांचे स्मारक मात्र आपण हातात धरून, खाली मान घालून पाहतो. भव्यतेचा प्रस्ताव हातात मावणाऱ्या कागदावर यावा, यातच त्या भव्यतेची थट्टा पुरी होते.

हे चित्र आम्ही आठवीच्या वर्गात दाखवले. आमच्या हाती होती ती पुस्तकातली छोटी प्रत. ती हातोहात फिरली. एका मुलीने विचारले, "इसको पकडेगा कौन?" ज्याचे वडील शिवणकाम करतात अशा एका मुलाला वेगळाच प्रश्न पडला. त्याच्या घरी कपड्याची कात्री कागदाला लावू देत नाहीत. कागद कापला की धार जाते. "ही कपड्याची कैंची असेल तर?" त्याने विचारले. वर्गात हशा झाला, पण दोन्ही प्रश्न आमच्या मनात राहिले. कलासमीक्षेच्या ग्रंथांत आकार, अवकाश, व्यंग यांची चर्चा असते. कात्री हे कोणाचे तरी हत्यार आहे, तिची धार सांभाळावी लागते आणि तिला धरणारा हात लागतो, हे त्या मुलांना आधी दिसले.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर चित्रकाराच्या कल्पनेतच आहे, असे आम्हाला वाटते. मुठी जमिनीखाली आहेत. वरून दिसते ती पोलादी पाती, आकाशात चमकणारी. ज्या जागी बोटे घालायची, अंगठा टेकायचा, ती जागा जमिनीत गेली आहे. राष्ट्राचे वैभव वर दिसते आणि ते चालवणारा हात खाली दडलेला असतो, असा अर्थ या रचनेतून काढता येतो. हा अर्थ आमचा आहे. चित्रकाराने तो सांगितलेला नाही. पण चित्र त्याला आडवे येत नाही, आणि मुठींचा लाल रंग तर त्या अर्थाकडेच बोट दाखवतो.

याला पुष्टी देणारी आणखी एक गोष्ट त्याच वर्षाची आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये न्यूयॉर्क शहराने शिल्पप्रदर्शन भरवले तेव्हा ओल्डेनबर्ग यांनी सेंट्रल पार्कमध्ये, मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या मागे, कबर खणणारी माणसे मजुरीने बोलावली. त्यांच्याकडून कबरीएवढा खड्डा खणून घेतला आणि तो पुन्हा बुजवून घेतला. एवढेच शिल्प. एकाच वर्षी एका बाजूला ५५५ फुटांची कात्री कागदावर आणि दुसऱ्या बाजूला काही तासांत नाहीसे होणारे, माणसाच्या मापाचे स्मारक जमिनीत. या दोन्ही गोष्टी करणाऱ्या कलावंताला आकाराचा मोह होता असे म्हणता येत नाही. त्याला आकाराचा हिशेब विचारायचा होता.

मात्र पुढे हे प्रस्ताव प्रत्यक्षात येऊ लागले, आणि आमच्या मते इथे गणित बदलले. १९६९ मध्ये येल विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी पैसे जमवून रणगाड्याच्या पट्ट्यांवर उभी असलेली प्रचंड लिपस्टिक बसवली. तिचे टोक मऊ होते, हवा भरून उभे करावे लागे आणि ते सारखे लोंबत असे. रणगाडा आणि शृंगार यांची ती जोडी युद्धाच्या दिवसांत झोंबणारी होती. पुढे ती पक्क्या धातूत नव्याने करून १९७४ मध्ये विद्यापीठाच्या एका वसतिगृहाच्या अंगणात स्थिरावली. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या नगरभवनासमोर ४५ फूट उंचीचा कपडे वाळत घालायचा चिमटा उभा राहिला. तो सुंदर आहे. दोन अर्धी लाकडे एकमेकांना बिलगून उभी आहेत असा त्यात भास होतो. पण तो एका बांधकाम व्यावसायिकाने कचेऱ्यांच्या इमारतीसमोर बसवून घेतलेला आहे. त्याने कोणाची वाट अडत नाही, कोणाच्या जागी तो आलेला नाही. लोक त्याच्याखाली भेटतात, छायाचित्र काढतात. कात्रीने जो प्रश्न विचारला होता, 'या स्तंभाच्या जागी मी का नको?', तो चिमटा विचारत नाही. १९७७ नंतर पत्नी कूशा व्हान ब्रुगेन यांच्यासह ओल्डेनबर्ग यांनी अनेक शहरांत अशी शिल्पे उभारली. ती लोकांना आवडली. २०२२ मध्ये ओल्डेनबर्ग गेले तेव्हा त्यांच्या नावाबरोबर लोकांना हीच शिल्पे आठवली. आमची पसंती मात्र न उभारलेल्या कात्रीला आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. चर्चगेटच्या क्रॉस मैदानात वास्तुविशारद नुरू करीम यांनी रचलेला सुमारे ३० फूट उंचीचा पोलादी 'चरखा' २०११ पासून उभा आहे. घरगुती वस्तू भव्य करण्याचा मुंबईतला हा ठळक प्रयत्न. रचना म्हणून तो कल्पक आहे. चरख्याची हुबेहूब नक्कल न करता त्याने गतीचा आभास धरला आहे आणि संध्याकाळच्या उजेडात तो चांगला दिसतो. आमचा आक्षेप त्याच्या रूपाला नसून त्यामागच्या गृहीतकाला आहे. वस्तूला मान द्यायचा तर ती मोठी करावी, हे ते गृहीतक. पुढे दिल्लीच्या विमानतळावर २०१६ मध्ये प्रचंड सागवानी चरखा आला आणि २०१७ मध्ये कॅनॉट प्लेसला पोलादी. तिथे तर ही समजूत आणखी उघडी झाली.

चरख्याचा इतिहास याच्या अगदी उलट दिशेने गेलेला आहे, हे या ठिकाणी सांगितले पाहिजे. १९३० च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे लक्ष चरखा लहान करण्याकडे होते. त्यातून पेटीत मिटणारा, हातात धरून नेता येणारा चरखा घडला. त्याला 'येरवडा चक्र' असे नाव पडले. मोठ्या चाकाचा चरखा घरात एका जागी राहतो. पेटीचा चरखा आगगाडीत, सभेत, तुरुंगाच्या कोठडीत चालतो. चरखा राष्ट्राचे चिन्ह झाला तो लहान झाल्यामुळे, कोणालाही चालवता येईल असा झाल्यामुळे. ३० फुटांच्या चरख्याला चाती नाही, सूत नाही आणि चालवणारा हातही नाही. ओल्डेनबर्ग यांची कात्री निदान उघडणार आणि मिटणार होती. शिवाय ती कोणाच्या तरी जागी येणार होती. आपला चरखा मोकळ्या मैदानात, कोणालाही न दुखवता उभा आहे.

याच मोजपट्टीने सुबोध गुप्ता यांच्या कामाकडे पाहता येते. बिहारच्या खगौल इथे जन्मलेले गुप्ता स्टीलच्या भांड्यांपासून शिल्पे करतात. २००८ सालचे त्यांचे 'लाइन ऑफ कंट्रोल' म्हणजे ताटे, वाट्या, डबे, बादल्या यांचा अणुस्फोटाच्या ढगासारखा प्रचंड ढीग. तो २००९ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये मांडला गेला होता. इथे आकार भव्य आहे, पण एकही वाटी मोठी केलेली नाही. प्रत्येक भांडे घरातल्या मापाचेच आहे. त्यामुळे जवळ गेले की आपली वाटी, आपला डबा ओळखू येतो आणि दूर गेले की स्फोट दिसतो. सीमेवरचे युद्ध स्वयंपाकघरातून कसे जाते, हे सांगायला त्यांना भांड्याचे प्रमाण बिघडवावे लागले नाही. भव्यतेचा हा मार्ग आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो, जरी त्या ढिगातली भांडी कोणाच्या जेवणाला कधी लागणार नाहीत हेही खरे.

दुसरे टोक झरीना यांचे. अलीगढला १९३७ मध्ये जन्मलेल्या, पॅरिसला मुद्राचित्रण शिकलेल्या, न्यूयॉर्कला राहिलेल्या आणि २०२० मध्ये लंडनला वारलेल्या या चित्रकर्तीने घराचा विषय आयुष्यभर सोडला नाही. १९९९ सालच्या 'होम इज अ फॉरेन प्लेस' या संचात लाकडी ठशांची ३६ छापचित्रे आहेत. प्रत्येकात एक उर्दू शब्द नस्तालिक अक्षरात, आणि त्याच्याबरोबर काही काळ्या रेघा. उंबरठा, भिंत, अंगण अशा गोष्टी तळहाताएवढ्या जागेत येतात. फाळणीने ज्यांची घरे विभागली त्यांच्या वेदनेचे स्मारक केवढे हवे, असे कोणी विचारले तर झरीना यांचे उत्तर एक कागद एवढेच आहे. २०११ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताचे पहिले अधिकृत दालन रणजित होस्कोटे यांनी मांडले, त्यात झरीना यांचे काम होते. तिथल्या भव्य मांडणीत या लहान कागदांनी आपली जागा राखली. ओल्डेनबर्ग यांनी लहान वस्तू मोठी करून स्मारकाला प्रश्न विचारला. झरीना यांनी मोठे दुःख लहान करून तोच प्रश्न विचारला. दोघांनीही तो छापचित्रातून विचारावा, हे विसरता येत नाही.

हा सारा कलेच्या जगातला वाद आहे आणि त्याचा आमच्या मुलांशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. म्हणून शेवटी वर्सोव्याकडे येतो. याला जुने लोक वेसावे म्हणतात. इथल्या कोळीवाड्यात होडी, जाळे, जाळे दुरुस्त करायची सुई, मासळी कापायचा कोयता ही रोजची हत्यारे आहेत. यारी रोडच्या गल्ल्यांत शिवणयंत्र आणि कात्री आहे. मुंबईच्या चौकांत सुशोभीकरण करायचे ठरले की होडी, मासा, टोपली घेतलेली कोळीण यांचे पुतळे उभे राहतात. कोळणीचा पुतळा उभारायला जागा मिळते. मासळी वाळवायला आणि विकायला जागा मागितली की ती अडचणीची होते. वस्तू मोठी होत जाते तसतसा तिला धरणारा माणूस लहान होत जातो, ही आमची तक्रार आहे.

प्रमाण कोणी ठरवायचे, याचे एक उदाहरण याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला घडले आहे. मुंबईचा किनारी रस्ता वरळीजवळ सागरी सेतूला जोडायचा होता. त्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर योजले होते. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी सांगितले की, भरतीच्या पाण्यात, वाऱ्यात होडी त्यातून सुखरूप जाणार नाही. बरीच वर्षे वाद चालला, काम अडले, आणि २०२२ च्या अखेरीस हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. एका महाकाय रचनेचे माप होडीवरून बदलले गेले. यात कोणी होडीचे स्मारक केले नाही. होडी आपल्या मापाचीच राहिली आणि पुलाला तिच्या मापाने वागावे लागले. वांद्रे ते वर्सोवा सागरी सेतूचे कामही सुरू झालेले आहे. तिथेही हाच धडा उपयोगी पडेल.

ओल्डेनबर्ग यांची कात्री आम्हाला मोलाची वाटते ती याच कारणाने. 'बघा, कात्रीसुद्धा किती थोर' असे ती म्हणत नाही. स्तंभ तेवढा उंच का, त्याची उंची कोणी ठरवली आणि त्याच्या जागी रोज हातात येणारी वस्तू का चालणार नाही, असे ती विचारते. हा प्रश्न विचारणारी भव्यता आम्हाला मान्य आहे. नुसती कौतुक करणारी भव्यता आम्हाला नको आहे. रेखाकला परीक्षेच्या टेबलावर पुढे कधी कळशीच्या शेजारी शिंप्याची कात्री, जाळ्याची सुई, मासळीचा कोयता मांडला जावा, आणि आमच्या मुलांनी तो पेन्सिलीने मोजून, आहे त्याच मापाचा काढावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. ज्याने एकदा वस्तूचे खरे माप घेतले, त्याला कोणतेही स्मारक सहज फसवू शकणार नाही.